लष्करी तळावरचा घातक कचरा कॉन्ट्रॅक्टवर देताना काय काय बघायचं

गाडी आली, ड्रम चढले, गेटबाहेर गेले, आता जे काय ते कॉन्ट्रॅक्टर बघेल, हा समज सगळ्यात आधी डोक्यातून काढा, कारण पुढचं सगळं टेंडर याच एका गोष्टीवर उभं राहतं. काम बाहेर देता येतं, जबाबदारी देता येत नाही. अमेरिकेत १९७६ च्या आरसीआरए या कचऱ्यावरच्या कायद्यापासून कचरा तयार करणारा त्याच्या शेवटच्या विल्हेवाटीपर्यंत बांधलेला आहे, आणि १९८० चा सुपरफंड कायदा तर आणखी पुढे जातो, म्हणजे तुमचा कचरा ज्या जागी गेला ती जागा पुढे कितीही वर्षांनी दूषित निघाली तर तिथे कचरा पाठवणारा म्हणून तुमचंही नाव निघू शकतं, मधल्या काळात कॉन्ट्रॅक्टर दुकान बंद करून गेलेला असला तरी. भारतातल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही पहिली जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकलेली आहे.

दुसरा समज म्हणजे लष्कराला कोण हात लावणार. अमेरिकेत मेरीलँडमधल्या ॲबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी तळावर रासायनिक शस्त्रांच्या विकासाचं काम बघणारे तीन सिव्हिलियन इंजिनिअर १९८९ मध्ये घातक कचऱ्याच्या बेकायदा साठवणुकीवरून फौजदारी खटल्यात दोषी ठरले, आम्ही सरकारी नोकर आहोत हा मुद्दा अपिलातही टिकला नाही. १९९२ मध्ये वेगळा कायदा करून तिथल्या राज्यांना केंद्र सरकारच्या तळांवर थेट दंड लावायची मुभा दिली गेली. म्हणून टेंडरवर सही करणारा अधिकारी कोण, रोजचं काम बघणारा कोण, मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्यासोबत प्लांटपर्यंत जाणाऱ्या कागदावर, सही कोण करणार, ही नावं सुरुवातीलाच कागदावर आणा आणि त्या माणसांना रीतसर ट्रेनिंग द्या.

आता कामाला लागू. टेंडर लिहायच्या आधी तळ पायी फिरायचा, ऑफिसात बसून मागच्या वर्षीच्या टेंडरमधले आकडे उचलायचे नाहीत. गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये वापरलेलं ऑइल, कूलंट, पार्ट धुवायचं सॉल्व्हंट असतं. पेंट शॉपमध्ये थिनर, उरलेला रंग आणि जुना रंग ब्लास्टिंगने काढल्यावर खाली साचणारी धूळ, जिच्यात क्रोमियम आणि कॅडमियम असू शकतं आणि जी बघायला साधी वाळू दिसते म्हणून सर्रास साध्या कचऱ्यात जाते. बॅटरी रूममध्ये लेड ॲसिड, विमानांच्या निकेल कॅडमियम बॅटऱ्या, रेडिओच्या लिथियम बॅटऱ्या. इंधनाच्या टाक्या साफ केल्या की गाळ निघतो. फायर स्टेशनमध्ये जुना फोम असतो ज्यात पीएफएएस रसायनं असतात, ती निसर्गात जवळपास मोडतच नाहीत, तेव्हा स्थानिक कायद्याने अजून घातक ठरवलं नसेल तरी त्याची वेगळी ओळ ठेवा, नाल्यात सोडून मोकळं होऊ नका. एफ-१६ सारखी विमानं असतील तर त्यांच्या इमर्जन्सी पॉवर युनिटमध्ये ७० टक्के हायड्राझीन हे विषारी इंधन असतं, ते हाताळणारा कॉन्ट्रॅक्टर वेगळ्याच तयारीचा लागतो.

पण सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे स्टोअर. तिथे वापरलेलं काही नसतं, सगळं सीलबंद असतं, म्हणून ते कचरा आहे असं कुणाला वाटतच नाही. रॅकच्या मागच्या रांगेत हात घातला की मुदत संपलेले सीलंटचे डबे, ॲडहेसिव्ह, ब्लीचिंग पावडरचे डबे ज्यांची झाकणं गंजून फुगलीत, रासायनिक हल्ल्यानंतर धुवायला ठेवलेली डीकंटॅमिनेशनची द्रावणं, असं सगळं निघतं, आणि बऱ्याचदा ऑक्सिडायझर, म्हणजे आग भडकवणारं रसायन, आणि पेट घेणारं सॉल्व्हंट एकाच फळीवर शेजारी शेजारी. हे एकदाच मोठ्या लॉटमध्ये बाहेर येतं आणि टेंडरमध्ये त्याला ओळच नसते, मग कॉन्ट्रॅक्टर एक्स्ट्रा रेट सांगतो आणि तुम्हाला तो मुकाट्याने द्यावा लागतो. म्हणून स्टोअरवाल्याला सोबत घेऊन मुदत संपलेल्या आणि पुढच्या वर्षभरात संपणाऱ्या मालाची यादी आधी काढा. त्यातला जो माल दुसऱ्या युनिटला मुदतीच्या आत वापरता येईल तो तिकडे पाठवा, वापरला गेलेला माल कचरा होत नाही आणि त्याच्या विल्हेवाटीचे पैसेही लागत नाहीत, यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

दारूगोळा आणि स्फोटकं या टेंडरमध्ये घालायचीच नाहीत. किरणोत्सर्गी वस्तू पण नाहीत, म्हणजे जुन्या उपकरणांच्या रेडियमच्या डायल, शस्त्रांवरची नेम धरायची ट्रिटियम असलेली साइट वगैरे. यांचे रस्ते, परवाने, माणसं सगळं वेगळं असतं. मात्र स्कोपमध्ये नाही एवढं लिहून भागत नाही, चुकून आलं तर काय करायचं तेही लिहावं लागतं, कारण फायरिंग रेंजवरून आलेल्या भंगारात जिवंत राउंड सापडणं ही काही काल्पनिक गोष्ट नाही, भंगार वेचणारे आणि कापणारे लोक यात जिवानिशी गेलेले आहेत. रेंजवरून येणारा प्रत्येक लॉट एका प्रशिक्षित माणसाने पूर्ण तपासायचा, मग दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे पुन्हा पूर्ण तपासायचा, दोघांच्या सह्या असल्याशिवाय तो लॉट कचऱ्याच्या शेडपर्यंतही यायला नको. अमेरिकन लष्करात हा दुहेरी तपासणीचा नियमच आहे आणि तो कुणीही उचलावा असा आहे.

यादी झाली की प्रत्येक प्रकाराचं प्रोफाइल बनवायचं. कुठल्या प्रक्रियेतून निघतो, त्यात काय काय आहे, द्रव का गाळ का घन, महिन्याला अंदाजे किती, कुठल्या भांड्यात. जिथे प्रक्रियेवरून नक्की सांगता येत नाही तिथे लॅब. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ पेट घेऊ शकते तो, ६० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर द्रव ज्वलनशील धरला जातो, पीएच २ किंवा खाली नाहीतर १२.५ किंवा वर असेल तर क्षरणकारी, आणि धातूंसाठी लीचिंगची, म्हणजे कचऱ्यातून किती धातू झिरपतो त्याची टेस्ट, ज्यात अमेरिकेत शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची १ मिलिग्रॅम आहे. लॅबचे पैसे वाचवून "मिश्र रासायनिक कचरा" अशी एकच ओळ टेंडरला टाकणारे असतात, मी स्पष्टच सांगतो, असं कधीही करू नका. काय आहे ते कळलं नाही तर समोरचा सगळ्यात वाईट शक्यता धरून रेट लावतो, नाहीतर सगळ्यात चांगली शक्यता धरून काम घेतो आणि मग ड्रम उघडल्यावर भांडायला येतो, दोन्हीकडून तोटा तुमचाच.

शेडच्या मागे, गवतात, लेबल नसलेला एखादा ड्रम जवळपास प्रत्येक जुन्या तळावर सापडतो. कुणाचा, कधीचा, कुणालाच माहीत नसतं, वरची रिंग गंजलेली, झाकण थोडं वर आलेलं. झाकण वर आलंय म्हणजे आत दाब आहे, त्याला हात लावायचा नाही, हलवून आवाज ऐकायचा नाही, बंग, म्हणजे ड्रमचं बूच, तर अजिबात सैल करायचा नाही, लांबून दोरी बांधून जागा बंद करायची आणि रसायनतज्ज्ञ बोलवायचा. हे टेंडरशी कसं जोडलं जातं तर "अनोळखी कंटेनरची तपासणी आणि वर्गीकरण" अशी वेगळी ओळ पहिल्या दिवसापासून पाहिजे, प्रति कंटेनर रेटने. तशीच ओळ गळक्या ड्रमला आत बसवून घेणाऱ्या मोठ्या सॅल्व्हेज ड्रमची, लॅबमधल्या छोट्या बाटल्या सुसंगत गट करून शोषक भरलेल्या ड्रममध्ये पॅक करण्याची, रिकामे ड्रम पुरवण्याची आणि सांडलं तर तातडीने टीम पाठवण्याची, ज्यात किती तासांत पोचणार ते आकड्यात लिहिलेलं असावं, "लवकरात लवकर" असं नको.

पैसे कसे द्यायचे यावर माझं ठाम मत आहे आणि त्यावर थोडं सविस्तर लिहितो. एकरकमी ठेका दिला तर कॉन्ट्रॅक्टरचा फायदा कमी कचरा उचलण्यात असतो, गाडी येत नाही, फोन उचलत नाही, शेड भरत जाते. प्रति ड्रम रेट दिला तर अर्धे भरलेले ड्रम बंद करून नेण्याचा मोह होतो आणि तुमच्याच माणसांनाही ते सोपं वाटतं. प्रति किलो, प्रत्येक प्रकाराला वेगळा रेट, हे सगळ्यात बरं, पण त्यातही दोन फटी आहेत. पहिली, वजन कुणाच्या काट्यावर? तळावरच्या, कॅलिब्रेट केलेल्या काट्यावर, दोघांच्या समोर, पॅलेटचं वजन वजा करून, आणि नंतर प्लांटवरच्या वजनाशी ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर बिल थांबेल असं लिहून. दुसरी, कमी माल असला की गाडी पाठवणं त्याला परवडत नाही, म्हणून प्रति फेरीचा एक ठरलेला किमान दर मान्य करा, तो न देण्यात शहाणपण नाही. प्रमाणांचे आकडे अंदाजे आहेत, तेवढंच मिळेल याची हमी नाही हेही स्वच्छ शब्दात पाहिजे, कारण तळावरचा कचरा वर्षभर सारखा नसतोच. युनिट हलायच्या आधी, मोठ्या सरावानंतर, इन्स्पेक्शनच्या तोंडावर जी साफसफाई होते तेव्हा एका आठवड्यात दोन महिन्यांचा माल बाहेर येतो. या तारखा तुम्हाला साधारण माहीत असतात, कॉन्ट्रॅक्टरला नसतात, सुरक्षेच्या चौकटीत जेवढं सांगता येईल तेवढं आधी सांगा.

आणि बिल कधी पास करायचं? कचरा उचलला तेव्हा पूर्ण बिल देऊ नका. काही भाग उचलल्यावर, उरलेला भाग विल्हेवाटीचा दाखला आल्यावर, ज्यात कुठल्या प्लांटमध्ये, कुठल्या तारखेला, कुठल्या पद्धतीने, किती किलो हे तुमच्या मॅनिफेस्ट नंबरसह लिहिलेलं आहे. हातात थोडे पैसे राहिले की फोन उचलले जातात, एवढं साधं आहे ते.

दिवसांचं गणित टेंडरमध्येच बसवा. अमेरिकेत महिन्याला १००० किलो किंवा जास्त घातक कचरा करणाऱ्याला परवान्याशिवाय ९० दिवस ठेवता येतं, १०० ते १००० किलोच्या मधल्याला १८० दिवस. भारतातही साधारण मर्यादा ९० दिवसांचीच आहे. अमेरिकेत कामाच्या जागीच, म्हणजे मशीनशेजारी, सगळा मिळून ५५ गॅलन कचरा साठेपर्यंत तिथे हे घड्याळ चालू होत नाही, पण त्याच्या वर गेला की जास्तीचा तीन दिवसांत मुख्य शेडमध्ये न्यावा लागतो आणि तिथून मोजणी सुरू. आता गाडीला गेटपास, ड्रायव्हरची पडताळणी, सोबत एस्कॉर्ट, मध्येच अलर्ट लागून गेट बंद, हे सगळं धरलं तर ८५ व्या दिवशी ऑर्डर काढणारा फसणारच. साठाव्या दिवसाच्या आसपास पिकअपची ऑर्डर गेलीच पाहिजे असं ठरवा आणि कॉन्ट्रॅक्टरला ऑर्डर मिळाल्यापासून किती दिवसांत यायचं ते, उशीर झाला तर दर दिवसाची पेनल्टी, हे लिहा. पण गेटवर तुमच्यामुळे गाडी अडकली तर पेनल्टी लावायची नाही, हेही लिहा, नाहीतर चांगला माणूस पुढच्या वेळी टेंडर भरणार नाही.

निवड करताना सगळ्यात कमी रेट बघून डोळे झाकून काम देऊ नका. कागद मागवा: वाहतुकीचा परवाना, ज्या प्लांटमध्ये जाणार त्या प्रत्येकाचा परवाना आणि त्या परवान्यात तुमचा हा विशिष्ट कचरा बसतो का, विमा, मागच्या काही वर्षांतल्या नोटिसा. मग प्लांट स्वतः जाऊन बघा. कागदावर भट्टी असते आणि प्रत्यक्षात अंगणात ड्रमची चळत असते, हे एका भेटीत कळतं. वापरलेलं ऑइल, सॉल्व्हंट रिसायकल करतो म्हणणाऱ्याला विचारा की रिसायकल होऊन नक्की काय बनतं, ते विकत कोण घेतं, उरलेला गाळ कुठे जातो, तिन्हींची उत्तरं आली नाहीत तर ते रिसायकलिंग नाही. प्लांटची यादी कॉन्ट्रॅक्टमध्ये नावानिशी टाका आणि लेखी परवानगीशिवाय बदलायची नाही असं लिहा, सबकॉन्ट्रॅक्टरलाही हेच.

शेवटचं ठिकाण आधी पक्कं नसेल तर काय होतं याचं मोठं उदाहरण २००० सालचं आहे. जपानमधल्या अमेरिकन तळांवरचा पीसीबी ही विषारी रसायनं असलेला कचरा जहाजाने कॅनडाला निघाला, व्हँकुव्हरला उतरवून घेतला नाही, सिएटलला नाही, जहाज परत जपानला, आणि शेवटी तो माल पॅसिफिकमधल्या वेक बेटावर नेऊन ठेवावा लागला. अमेरिकेच्या स्वतःच्याच कायद्याने पीसीबी आयात करायला बंदी होती. तळ परदेशात असेल तर यजमान देशाचा कायदा, तुमच्या देशाचा कायदा आणि घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावरचा १९८९ चा बासेल करार, जो १९९२ पासून लागू आहे, हे तिन्ही टेंडरच्या आधी कायदेवाल्यांकडून तपासून घ्या. तात्पुरत्या तळांवर तर लोक म्हणतात आत्ता खड्ड्यात जाळू, मग बघू. इराक, अफगाणिस्तानमध्ये असे जळते खड्डे वर्षानुवर्षं चालले, त्या धुराने आजारी पडलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेला २०२२ मध्ये पॅक्ट कायदा करावा लागला. आणि उपाय म्हणून अफगाणिस्तानात भट्ट्या बसवल्या त्यातल्या आठ कधी चालल्याच नाहीत, तिथल्या पुनर्बांधणीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकन महानिरीक्षकांनी त्यावरचा खर्च किमान २ कोटी १ लाख डॉलर सांगितला होता. यंत्र विकत घेणं आणि ते चालवायला माणूस, इंधन, सुटे भाग यांचं कॉन्ट्रॅक्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी विसरली की पहिली वाया.

सुरक्षेचं थोडक्यात. कॉन्ट्रॅक्टरची माणसं ठरलेली असावीत, दर वेळी नवी नकोत, आत फोन-कॅमेरा नाही, शेड शक्यतो गेटजवळ ठेवा म्हणजे गाडी तळाच्या पोटात जातच नाही. गुप्त उपकरणं, हार्ड डिस्क, खुणा असलेले पार्ट आधी आतच नष्ट करून मग त्याचा कचरा. आणि मॅनिफेस्ट हा सार्वजनिक कागद होऊ शकतो हे लक्षात असू द्या, अमेरिकेत ई-मॅनिफेस्टची माहिती ९० दिवसांनी लोकांना बघता येते, तेव्हा त्यावर युनिटचं नाव किंवा कामाचं वर्णन विनाकारण लिहू नका, कायद्याला जेवढं लागतं तेवढं मात्र खरं आणि पूर्ण लिहा.

पिकअपच्या दिवशी घाई करणाऱ्याच्या हाताखाली सही करू नका. एकेक ड्रम बघायचा, लेबल बाहेरच्या बाजूला आहे का, साठवणूक सुरू झाल्याची तारीख आहे का, बंग घट्ट आहे का, तळाशी ओल आहे का, ॲसिड आणि अल्कली एकाच पॅलेटवर तर नाहीत ना, लिथियम बॅटऱ्यांची टर्मिनल्स टेपने झाकलीत का, आणि ज्या रेडिओ बॅटऱ्यांना पूर्ण डिस्चार्ज करायची सोय असते त्यांची ती प्रक्रिया झालीय का. मग गाडीवरचे धोक्याचे फलक, ड्रायव्हरकडे आणीबाणीत काय करायचं त्याचं कार्ड, आग विझवायचं सामान. मॅनिफेस्टवरचे आकडे आणि गाडीतले ड्रम दोन वेळा मोजा. सही तळाच्या प्रशिक्षित माणसाचीच, कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर म्हणाला मीच करतो तर नको म्हणा.

गाडी गेल्यावर रजिस्टरमध्ये मॅनिफेस्ट नंबरसमोर परतीच्या प्रतीची, म्हणजे माल पोचल्याची सही करून प्लांटने परत पाठवायच्या प्रतीची, मुदत लिहून ठेवा, कायद्यात असते त्याच्या आधीची. त्या दिवशी प्रत आली नाही तर आधी वाहतूकदाराला, मग थेट प्लांटला फोन, आणि उत्तर पटलं नाही तर लगेच नियामक मंडळाला लेखी. हे कागद कायद्याने काही वर्षं ठेवायचे असतात पण तळ आहे तोवर टाकू नका, जमिनीखालच्या पाण्याचे प्रश्न फार उशिरा वर येतात, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅम्प लेज्यून या लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात सॉल्व्हंट १९५० च्या दशकापासून होती आणि लोकांचे दावे कोर्टात अजून चालू आहेत.

राहिलं कॉन्ट्रॅक्ट संपतानाचं, जे जवळपास कुणीच लिहीत नाही. मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी नवीन कॉन्ट्रॅक्टर ठरलेला असावा, जुन्याने शेवटची फेरी करून शेड रिकामी करायची, त्याचे रिकामे ड्रम, पंप, स्पिल किट न्यायचे, नवा, जुना आणि तळाचा माणूस अशा तिघांनी मिळून जे शिल्लक आहे त्याची यादी करून सह्या करायच्या, आणि वाटेत असलेल्या प्रत्येक मॅनिफेस्टचा दाखला हातात येईपर्यंत जुन्याची अनामत रक्कम सोडायची नाही.